कातळवाडीचा तिठा आणि मथुरेची छत्री

रावजी ड्रायव्हरच्या सदऱ्यावर एक पितळी बिल्ला असायचा. उभी हयात एसटीत स्टिअरिंगमागे काढली आणि एका कोंबडीलासुद्धा धक्का लागला नाही, म्हणून मिळालेला. तशी एक कोंबडी वेळणेश्वरच्या उतारावर गाडीखाली आली होती असं त्याचे सोबती म्हणत. पण ती चाकांच्या मधून निघून, पंख झटकून, आपल्या पायांनी घरी गेली, हे रावजी देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगायला तयार असे. निवृत्त होऊन गावी आला तरी बिल्ला काही उतरला नाही. लग्नाला बिल्ला, मयताला बिल्ला. त्याची बायको काशी म्हणायची, "अंगोळीला तेवढा काढतात, उपकारच ह्यांचे."

गाव म्हणजे कातळवाडी. हातखंब्याहून रत्नागिरीकडे उतरायला लागलं की डाव्या हाताला ही वाडी. वाडीचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तो तिठा, आणि सगळं दुखणं त्या तिठ्यात. एका अंगाला कलमांच्या बागेचा पुरुषभर उंचीचा गडगा. जांभ्या चिऱ्यांची ती भिंत वळणाच्या बरोबर तोंडाशी. रत्नागिरीकडून येणारी गाडी चढावर धापा टाकत येते, तिची भीती नाही. पण हातखंब्याकडून उतरणाऱ्याला गडग्यामुळे वाडीचा रस्ता दिसतच नाही, आणि शाळा पलीकडच्या अंगाला. दिसतो तेव्हा पोरं मधोमध असतात.

अर्ज केले होते. खात्याने एक पाटीही लावली होती, 'पुढे अपघाती वळण' म्हणून. पण त्या पाटीच्या खांबाला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक बांधला गेला, आणि वाढदिवस होऊन गेला तरी फलक तिथेच. येणाऱ्या गाडीला वळण दिसण्याऐवजी हात जोडून हसणारा माणूस दिसायचा. मोठ्या रस्त्यावर गतिरोधक घालता येत नाही, असंही कळलं. मग एका सकाळी दुधाचं किटलं घेऊन निघालेल्या धोंडूला मोटारसायकलने उडवला आणि धोंडूचा पाय प्लास्टरात गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी रावजी शिटी नि लाल फडका घेऊन तिठ्यावर उभा राहिला, तो रोजच राहायला लागला. शाळा भरताना आणि सुटताना.

लोकांनी कौतुक केलं. एसटीतली मंडळी तर काय, घरचीच. कंडक्टर हाळी द्यायचा, "चला, रावजीचा तिठा कोण आहे काय?" ही हाळी पहिल्यांदा कानावर आली त्या दिवशी रावजी घरी जाऊन काशीला म्हणाला, "आयकलास? आपल्या नावाचा स्टॉप झाला."

"स्टॉप झाला तर शेड पण बांधा," काशी म्हणाली. "माणसं पावसात भिजतात."

पण रावजीच्या पोटात ते नाव गोडासारखं उतरलं होतं. खेडला, चिपळूणला, देवरुखला त्याने हजारो माणसं पोचवली; त्यातल्या कुणाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. आता गाडीभर माणसं रोज ते ऐकत होती. त्याने मनाशी ठरवूनच टाकलं की पुढेमागे इथे पाटी लागेल, आणि त्या पाटीवर दुसरं काही असणार नाही.

आता गंमत अशी की गाड्या रावजीच्या शिटीला फारसं जुमानत नव्हत्या. शिटी वाजली की ड्रायव्हर उलट हॉर्न वाजवायचे. पोरं रावजीच्या पाठीमागे थांबून, धावत पलीकडे जायची. धोंडूनंतर कुणी उडालं नाही एवढंच. हे रावजीला कळत होतं, पण तो ते कुणाला बोलत नव्हता.

आणि मग पाऊस सरल्यावर मथुरा आली.

मथुरा खाडीकाठची. नवरा बोटीवर खलाशी होता, तो गेला. मुलं मुंबईत नोकरीला. ती पूर्वी रत्नागिरीत डोक्यावर पाटी घेऊन घरोघर फिरायची. गुडघे बोलायला लागले तेव्हा फिरणं सोडलं आणि बसायला जागा शोधत शोधत कातळवाडीच्या तिठ्यावर येऊन टेकली. वळणाच्या अलीकडे, हातखंब्याच्या बाजूला, कातळाचा एक सपाट तुकडा आहे. तिथे तिने एक भलीमोठी नारिंगी छत्री रोवली. कुठल्याशा सिमकार्डाची जाहिरात तिच्यावर होती, ती उन्हाने पुसून गेलेली. छत्रीखाली पाटी, पाटीवर ओलं फडकं, आणि पाटीमागे मथुरा, पान खात.

पहिल्या दिवशी रावजीने नेहमीसारखी शिटी फुंकली, आणि काय सांगावं! उतारावरून सुसाट येणारी पांढरी गाडी वळणाच्या अलीकडेच गोगलगाय झाली. तिच्यामागचा टेम्पोही. त्याच्यामागची गोव्याला निघालेली, टपावर बॅगा बांधलेली मंडळीसुद्धा. पोरं सावकाश, गप्पा मारत रस्ता ओलांडून गेली. रावजीची छाती बिल्ल्यासकट फुगली.

"शिटी बदललात काय?" काशीने विचारलं.

"शिटी तीच. फुंक बदलली," रावजी म्हणाला.

दोन-तीन दिवस तो हवेत होता. देवळात, पिठाच्या गिरणीत, धोंडूच्या खाटेपाशी, जिथे जाईल तिथे फुंकेचं वर्णन. धोंडूला तर त्याने करूनही दाखवली. पण एक दिवस शिटी घरी विसरली. आणायला परत जावं तर शाळेची वेळ झालेली. तो नुसताच उभा राहिला. गाड्या तरीही हळू झाल्या. तेव्हा रावजीने पहिल्यांदा नीट बघितलं. हळू होणाऱ्या गाडीतला एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या माना एका अंगाला वळलेल्या. नारिंगी छत्रीकडे.

"मावशे, काय हाय आज?"

"सौंदाळे हायत ताजे. बांगडा हाय. उतरा खाली, लांबून काय समजणार?"

आपल्या रत्नागिरीच्या माणसाला पोलीस थांबवू शकत नाही, खड्डा थांबवू शकत नाही. पण पाटीवरच्या ओल्या फडक्याखाली काय आहे हे बघितल्याशिवाय तो पुढे जाऊ शकत नाही. घ्यायचं नसलं तरी बघायचं. घरी आमटी शिजलेली असली तरी बघायचं. रावजी स्वतः एसटी चालवताना हेच करायचा, हे त्याला आठवलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेव्हापासून त्याला मथुरेचं काहीच सोसवेना. ती छत्री उघडायची तेव्हा काड्यांचा जो कट्‌ आवाज यायचा, तो त्याच्या दातात बसायचा. ती हसली की वाटायचं आपल्यालाच हसली. पोरांना रस्ता आपण ओलांडून द्यायचा, आणि पोरं पलीकडून ओरडणार, "मथुराआजी, टाटा!" त्याची नात सानवी तर शाळा सुटली की आधी छत्रीखाली. खेकडा जिवंत आहे का मेलेला, हे काडीने टोचून बघायला.

"आजोबा, मथुराआजी खेकड्याला मागून पकडते. तुम्हाला येतं?"

"मी एसटी पकडायचो," रावजी म्हणाला. "अख्खी."

घरी आला तर कालवणाचा वास. काशी तिच्याकडूनच बांगडे घेऊन आलेली. रावजीने पहिला घास तोंड वाकडं करून घेतला. नंतर भात दोनदा मागितला. शेवटी ताट चाटूनपुसून झाल्यावर म्हणाला, "शिळा होता."

"म्हणून काय काटे पण ठेवले नायत?" काशी म्हणाली.

हेही त्याने गिळलं. पण एक दिवस एसटी आली, हळू झाली, आणि नव्या कंडक्टरने दारातून हाळी दिली, "मथुरेची छत्री! मथुरेची छत्री कोण हाय उतरणार?" गाडीतून माणसं उतरली, त्यांनी पिशव्या सावरल्या, आणि ती थेट पाटीकडे गेली. लाल फडका घेऊन रावजी तसाच उभा. त्याच्या हातातून कुणी जेवणाचं ताट उचलून नेलं असतं तर त्याला एवढं लागलं नसतं.

त्या रविवारी देवळात वाडीची बैठक होती. रावजी बिल्ला घासून, लखलखीत करून गेला. उठला आणि म्हणाला, "तिठ्यावर मासेवाली बसते. गाड्या रस्त्यातच थांबतात. मागून एखादा ट्रक आला तर काय? उद्या कोण गेला म्हणजे वाडी जबाबदार."

आता बघा, बोलणं खोटं नव्हतं. गाड्या अर्ध्या रस्त्यावर थांबत होत्याच. पण जो माणूस हे बोलत होता त्याच्या पोटात ट्रक नव्हता, कंडक्टरची हाळी होती.

"पण काका," सहा आसनी रिक्षा चालवणारा संदेश म्हणाला, "ती बसल्यापासून तिठ्यावर ब्रेकचा आवाज तरी आलाय काय?"

"तुला बिल्ला मिळाला की मग तू बोल."

गाडीच्या बाबतीत रावजीचा शब्द म्हणजे शब्द. वाडीने ठरवलं, आणि सांगायला रावजीच गेला.

"मथुराबाई, वाडी म्हणते हितं बसू नका. धोक्याचं हाय."

मथुरेने त्याच्याकडे बघितलं, मग बिल्ल्याकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली. "माझं काय, पाटी टेकली तिथं बाजार." तिने छत्री मिटली. कट्‌. संदेशच्या रिक्षात पाटी ठेवली आणि हातखंब्याला निघून गेली. भांडली असती तर रावजीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुशीत तिठ्यावर आला. कातळावर छत्रीचं नुसतं भोक उरलेलं. एका हातात फडका, दुसऱ्या हातात सानवीचा हात, बाकीची पोरं पाठीमागे रांगेत. त्याने शिटी फुंकली, फडका वर केला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

गडग्यामागून गाडी आली ती आलीच. निळी. रावजीला फक्त वारा लागला. त्याने सानवीला मागे ओढलं, की ती आपण होऊन मागे झाली, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. एवढं कळलं की हातात फडका नव्हता. तो गाडीच्या आरशाला अडकून वळणापलीकडे गेला होता.

पोरं ओरडायचीही विसरली. सानवी त्याच्या लेंग्याला घट्ट धरून होती. तेवढ्यात निळी गाडी मागे मागे येत त्यांच्याजवळ थांबली. आतून रत्नागिरीला कामाला जाणारा एक माणूस उतरला, रोजचा, ओळखीच्या तोंडाचा. पांढराफटक पडलेला. त्याने आरशाचा फडका सोडवून रावजीच्या हातात दिला.

"काका, शपथ सांगतो, मी रोज हळू करतो हितं. पण छत्री दिसली नाय ना. मला वाटलं तिठा अजून पुढे आहे."

रावजीने फडका खांद्यावर टाकला.

"मासे घेण्यासाठी नाय हो," तो माणूस स्वतःचीच समजूत घालत होता. "आमच्याकडे सोमवारी चालत पण नाय. पण छत्री आली की पाय आपोआप ब्रेकवर जातो. ती मावशी कुठं गेली?"

रावजीने पोरांना पलीकडे नेलं, शाळेच्या फाटकात सोडलं, आणि पायरीवर बसला. सानवी आत जाता जाता म्हणाली, "आजोबा, तुमचा बिल्ला उलटा झालाय." त्याने तो सरळ केला नाही.

दुपारची एसटी पकडून तो हातखंब्याला गेला. नाक्यावर मासेवाल्यांची रांग, त्यात शेवटाला नारिंगी छत्री. तो समोर जाऊन उभा राहिला.

"काय देऊ?" मथुरा म्हणाली. "बांगडा घ्या. तुमी शिळा म्हणून दोनदा भात मागता तो."

काशी! रावजीने मनातल्या मनात हात जोडले. "मासे नकोत मला."

"मग गिऱ्हाइकाला वाट द्या."

तो बाजूला झाला. एक बाई आली, बराच वेळ घासाघीस करून गेली. मग एक म्हातारा आला, त्याने प्रत्येक माशाचा कल्ला उघडून बघितला. रावजी उन्हात उभा. मथुरेने त्याच्याकडे मान वर करून बघितलं नाही. शेवटी पाण्याचा शिपका फडक्यावर मारत ती म्हणाली, "बोला आता."

"परत ये."

"कोण म्हणतंय? वाडी, की तुमी?"

"मी."

"का?"

"गाड्या थांबत नाहीत."

"शिटी हाय की तुमची."

रावजीने नाक्यावरच्या ट्रककडे बघितलं, दुकानांकडे बघितलं, आपल्या चपलांकडे बघितलं. "शिटीने नाही थांबत," तो म्हणाला. मग सकाळची निळी गाडी, आरसा, फडका सगळं सांगून टाकलं. सानवीचं नाव आलं तेव्हा मथुरेने पान चघळणं थांबवलं.

"पोरीला लागलं नाय ना?"

"नाय."

"मग आधी ते सांगावं माणसाने!" ती एकदम खेकसली. "गाडी, आरसा, फडका... पोर बरी हाय हे शेवटाला! यायला येते मी. पण आयका. सोमवारी गिऱ्हाईक कमी, आता त्या दिवशी मी घरीच बसणार. संकष्टीला पण. जून लागला की समुद्राला बंदी, तेव्हा दोन महिने मासाच नाय. त्या दिवसांत छत्री कोण लावणार?"

"संदेश लावेल."

"संदेश इसरेल. नायतर लावील कुठंतरी भलतीकडे. तुमी लावा."

"मी? तुझ्या छत्रीखाली?"

"तुमीच. हितनं तितनं माझ्यावर डोळा ठेवून असायचात दिवसभर. मी कुठं बसते, छत्री किती कलती असते, कधी उघडते, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक हाय?"

जळणाऱ्या माणसाची ही एक मेख असते. ज्याच्यावर जळतो त्याची प्रत्येक हालचाल त्याला पाठ झालेली असते. रावजीला छत्रीच्या काडीवरचं ठिगळसुद्धा डोळ्यांसमोर दिसत होतं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

पुढच्या बैठकीत रावजी पुन्हा उठला. या वेळी बिल्ला न घासता. संदेशकडे न बघता म्हणाला, "मासेवाली हवी. पण गाड्या रस्त्यात थांबतात हे माझं म्हणणं खोटं नव्हतं. कातळाच्या पुढचा चर भरून घेऊ, म्हणजे गाडी बाजूला उभी राहील." चिरेखाणीवरून जांभ्याची कपची आली, वाडीने घमेली उचलली, आणि प्लास्टर सुटलेला धोंडू काठी टेकून उगाचच सूचना देत बसला. वाढदिवसाचा फलकही त्याच दिवशी उतरला. तो आता धोंडूच्या गोठ्यावर आहे, म्हशीला सावली देतो.

मथुरा परत आली. छत्री उघडली, कट्‌, आणि दुसऱ्याच सकाळी उतारावरच्या गाड्या पुन्हा गोगलगायी झाल्या. रावजी शिटी वाजवायचा, पण हळू, पोरांपुरती.

आणि सोमवार उजाडला. रावजीने छत्री रोवली, कलती केली, आणि खाली मान घालून बसला. वाटत होतं सगळी वाडी हसते आहे. काशी तर पायऱ्यांच्या पाखाडीवरून मुद्दाम बघायला आली होती.

पहिलीच गाडी थांबली. "काय हाय आज?"

"सोमवार हाय," रावजी गुरगुरला.

"नाय, पण उद्या काय येईल?"

"उद्या उद्याचं बघू. पोरं जातायत, हळू चालव."

ती गाडी हळू गेली. तिच्यामागची हळू गेली. दुपारपर्यंत एकही सुसाट गेली नाही. रावजीच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. संदेशची रिक्षा आली तशी त्याने हात करून थांबवली.

"संदेश, खरं सांग. मथुरा असते तेव्हा जास्त हळू करतोस, की मी असतो तेव्हा?"

"काका, काम नाय तुमाला काय?"

"सांग ना पण."

संदेशने डोकं खाजवलं. "छत्री दिसली की करतो हळू. खाली कोण बसलंय ते कोण बघतो?"

रावजीच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते बिल्ला मिळाला त्या दिवशीही नव्हतं. म्हणजे तिच्यासाठीही नाही! इतके दिवस उगाच पोटात निखारा घेऊन फिरलो! त्या रात्री तो आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. काशीने त्याला हलवून बरा आहे ना हे बघितलं.

मंगळवारी मथुरा पाटी टेकते न टेकते तोच तो समोर हजर. "मथुराबाई, एक सांगायचं राहिलं. काल संदेशला विचारलं मी. गाड्या काय तुझ्यासाठी हळू होत नाहीत हो. खाली कोण बसतं ते कोणी बघतच नाय. लोक छत्रीला बघून हळू करतात, नुसत्या छत्रीला!"

"होय?" मथुरेने फडक्यावर पाणी मारलं, बांगडे नीट ओळीत लावले, आणि पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "मग छत्री कोणाची, रावजीभाऊ?"

रावजीने तोंड उघडलं. तेवढ्यात उतारावरून एसटी आली, कातळापाशी हळू झाली, आणि कंडक्टरने दारातून हाळी दिली. काय दिली ते रावजीला ऐकायचं नव्हतं. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि शिटी फुंकली, ती एसटी पार वळणाआड होईपर्यंत.